जाळी कशीही असो, आधी कडा तपासा : खिडकी-दारांच्या डासजाळ्यांचं परीक्षण

बँकेचं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. दोन कार्डं एकावर एक ठेवली की झाली दीड मिलिमीटर. घरात बसवलेली डासजाळी पूर्ण बंद करा आणि ही जोडी चारही कडांनी घालून पाहा. कोपऱ्यांत जरा जास्त वेळ द्या. कार्डं कुठेही अडखळल्याशिवाय आत गेली, तर तिथली फट जाळीच्या भोकापेक्षा मोठी आहे, कारण नेहमीच्या डासजाळीचं भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं. दुसरी तपासणी दिवसा करायची. आतल्या बाजूने जाळीवर जाड चादर धरा. चादरीच्या कडेने, चौकटीच्या सांध्यातून उजेडाची सरळ रेघ दिसली, तर तीच डासांची वाट.

जाळी विकताना सगळं बोलणं कापडाबद्दल चालतं. हातात नमुन्याचा तुकडा दिला जातो, तो बारीक आणि मजबूत दिसतो, माणूस खूश होतो. पण कापडातून डास येतो अशी तक्रार क्वचितच खरी निघते. शटरच्या मधल्या सांध्यातून, दाराच्या खालून, सुटलेल्या वेल्क्रोमागून तो येतो. म्हणून इथे कापडाबद्दल लागेल तेवढं बोलून बाकीचा वेळ बांधणीला दिला आहे. खिडकीची चौकटीतली जाळी, सरकती जाळी, बिजागरीचं दार, घडीची जाळी, रोलर आणि वेल्क्रो-चुंबकाची तात्पुरती जाळी, असे प्रकार पारखले आहेत.

कापड

१८×१६ हा नेहमीचा आकडा. एका इंचात एका दिशेने १८ धागे आणि दुसऱ्या दिशेने १६, असा त्याचा अर्थ. धागा ०.२८ मिलिमीटरचा धरला तर भोक साधारण १.१३ बाय १.३१ मिलिमीटरचं पडतं आणि एकूण क्षेत्रफळातली ६६ टक्के जागा मोकळी राहते. डास, माश्या, पाकोळ्या यांना अडवायला एवढं पुरतं. चिलटांना पुरत नाही. चावणारं चिलट एक ते तीन मिलिमीटर लांब असतं, आणि काळा आजार पसरवणारी वाळूमाशीही दोन-तीन मिलिमीटरचीच. हे जीव साध्या जाळीतून अंग चोरून आत येतात. त्यांचा त्रास असेल तर २०×२० किंवा त्याहून बारीक जाळी लागते.

बारीक जाळी घेताना धाग्याची जाडी विचारल्याशिवाय राहू नका. २०×२० मध्ये धागा ०.२८ मिलिमीटरचा असेल तर मोकळी जागा ६१ टक्के उरते, ०.३३ चा असेल तर ५५ टक्क्यांवर येते. कागदावर फरक छोटा दिसतो, पण वारा मंद असला की खोलीत तो लगेच जाणवतो. मोकळी जागा घटली की वाऱ्याचा जोर त्या जाळीतच खर्च होतो. चिलटं नसतील तर १८×१६ सोडून बारीक जाळीच्या मागे लागू नये, हे आमचं ठाम मत आहे. सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी लावून मग पंख्याखाली घामाघूम बसायचं, यात काही अर्थ नाही.

आकडा दुकानदाराच्या तोंडून घेण्यापेक्षा मोजून घ्या. जाळीवर पट्टी ठेवा, फोटो काढा, मोठा करा आणि एका इंचातली भोकं दोन्ही दिशांना मोजा. दुसरी परीक्षा नखाची. फायबरची जाळी, म्हणजे काचेच्या धाग्यावर पीव्हीसीचा थर दिलेली जाळी, दोन्ही हातांनी ताणून धरा आणि अंगठ्याचं नख एका धाग्यावर टेकवून बाजूला रेटा. चांगल्या जाळीत उभे-आडवे धागे जिथे भेटतात तिथे थर वितळून चिकटलेला असतो. धागा हलत नाही, नखच घसरतं. हलक्या जाळीत धागा सरकतो, एका बाजूला दोन भोकांचं एक मोठं भोक होतं आणि शेजारी धागे एकमेकांवर चढतात. अशी जाळी वाऱ्याने आणि पुसण्याने आपोआप विरळ होत जाते. ती घेऊ नये.

फायबर जाळीला घडीची खूण राहत नाही, ती गंजत नाही आणि घरच्या घरी बसवायला सगळ्यात सोपी. तिचे शत्रू दोन. ऊन तिच्यावरचा थर कडक करतं, मग धागे बोटाखाली कडकड तुटतात. आणि उंदीर, खार, मांजर तिला सहज फाडतात. तळमजल्याला किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीला म्हणूनच स्टीलची जाळी बरी. स्टील ३०४ (ही स्टेनलेस स्टीलची नेहमीची प्रत) आहे की नाही हे चुंबक लावून ठरवू नका. तार ओढून बारीक करताना ३०४ स्टीलही थोडंसं चुंबकाला ओढलं जाऊ लागतं, त्यामुळे या परीक्षेत चांगली जाळी नापास होऊ शकते. समुद्राजवळ ३१६ प्रतीचं घ्यावं, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. तिथे आणखी एक गोष्ट सांभाळायची. स्टीलची जाळी उघड्या अॅल्युमिनियमला टेकली आणि वर खारी ओल बसली, की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, खाचेत पांढरी भुकटी दिसायला लागते. चौकट पावडर कोटिंगची हवी आणि कापलेल्या टोकांवरही रंग हवा.

नुसत्या अॅल्युमिनियम तारेची जाळी आम्ही सुचवत नाही. कोपर लागलं तरी पोचा पडतो आणि तो निघत नाही. पाळीव जनावरांसाठी येणारी जाड पॉलिस्टरची जाळी मजबूत असते, पण उजेड आणि वारा दोन्ही अडवते. ती दाराच्या खालच्या अर्ध्यापुरती लावावी.

रंग काळाच घ्या. पांढऱ्या किंवा चंदेरी जाळीवर ऊन चमकतं आणि बाहेरचं धुरकट दिसतं. काळ्या जाळीतून नजर आरपार जाते.

चौकटीतली जाळी

सगळ्या प्रकारांत हीच आमची पहिली पसंती, कारण यात हलणारा भाग जवळपास नसतो. अॅल्युमिनियमच्या पोकळ सेक्शनची, म्हणजे पोकळ पट्टीची चौकट, तिच्या खाचेत रबराच्या दोरीने दाबलेली जाळी, आणि ही चौकट खिडकीला फिरक्यांनी, चुंबकांनी किंवा स्प्रिंगच्या खिळ्यांनी धरलेली. नीट बसली तर वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. बिघाड होतो तो बसवतानाच.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली, तसंच उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्या आणि दोन्हींतलं सगळ्यात कमी माप धरा. त्यातून प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर सोडा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला तर खिडकी गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. अशा वेळी खिडकीच्या भोकाच्या आत बसणारी चौकट करू नका, भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर बाहेरून टेकणारी करा आणि मागे फोमची पट्टी लावा. गुण्यातली चौकट तिरक्या भोकात घातली तर एका कोपऱ्यात फट राहणारच, ती सिलिकॉनने भरली की जाळी पुन्हा काढता येत नाही.

जाळी भरायची पद्धत अशी. चौकट सपाट टेबलावर ठेवा, आणि लांब बाजूंच्या आतून लाकडाचे ठोकळे टेबलाला पक्के करा, म्हणजे बाजू आत ओढल्या जाणार नाहीत. जाळी चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त ठेवून पसरवा आणि तिचे धागे चौकटीच्या कडेशी समांतर आहेत हे डोळा कडेशी नेऊन पाहा. इथे झालेला तिरकेपणा नंतर दुरुस्त होत नाही. एका कोपऱ्यापासून रबर दाबायला सुरुवात करा. रबर दाबायचं हत्यार म्हणजे दोन्ही टोकांना एकेक चाक असलेली मूठ. एका चाकाची कड फुगीर असते, दुसऱ्याची खोलगट. फायबर जाळीला खोलगट चाकच वापरायचं, ते रबरावरून चालतं. स्टीलची जाळी मात्र आधी फुगीर चाकाने खाचेत वाकवून घ्यावी लागते, मग वर रबर.

फायबर जाळी हाताने ताणू नका. रबर खाचेत शिरताना जाळी स्वतःच आत ओढून ताठ करतं. दुसऱ्या हाताने फक्त सुरकुती जाईल एवढंच धरायचं. रबरही ताणू नका. हा मुद्दा फार जण दुर्लक्षित करतात. ओढून बसवलेलं रबर काही दिवसांनी आखडतं, कोपऱ्यातून बाहेर येतं आणि तिथे जाळी सुटते. कोपऱ्यात रबर कापू नये, बोथट स्क्रूड्रायव्हरने वळवून दाबावं. शेवटी जास्तीची जाळी कापायची ती नव्या पात्याने, आणि पातं रबराच्या बाहेरच्या बाजूला, चौकटीच्या बाहेरच्या कडेकडे कलतं धरून. पातं आतल्या बाजूला गेलं तर सगळी मेहनत वाया.

रबर साधारण ३.२ ते ५ मिलिमीटर व्यासाचं मिळतं. एकाच खाचेला फायबर जाळीसाठी जे रबर बसतं, ते जाड पॉलिस्टरच्या जाळीसाठी मोठं होतं. बोटाने सहज आत जात असेल तर रबर बारीक आहे, चाकावर अंगाचा भार टाकूनही वर राहत असेल तर जाड. जुनं रबर काढून पुन्हा वापरू नका, ते कडक झालेलं असतं.

चौकट तयार झाल्यावर लांब बाजूला दोरा ताणून लावा. मधोमध बाजू दोऱ्यापासून तीन मिलिमीटरहून जास्त आत गेलेली असेल तर ती कंबरेत बारीक झाली आहे. जाळी जास्त ताणल्याने किंवा सेक्शन हलका असल्याने हे होतं, आणि नेमकी त्याच जागी खिडकीला फट पडते. उंची सव्वा मीटरच्या पुढे गेली की मध्ये आडवी पट्टी घालायलाच हवी. ती दिसते म्हणून काढून टाकण्याचा आग्रह धरू नका.

सरकत्या खिडकीची जाळी

तक्रारी सगळ्यात जास्त याच प्रकाराच्या, आणि त्यातल्या कित्येक वापरण्याच्या चुकीमुळे. तीन रुळांची खिडकी घ्या. दोन रुळांवर काचेची शटरं, तिसऱ्यावर जाळीचं शटर. जाळी अर्धी खिडकी झाकते, उरलेली अर्धी काचेच्या शटरने झाकली जायला हवी. आता प्रश्न असा, की दोनपैकी कुठलं काचेचं शटर उघडायचं?

जाळीच्या शेजारच्या रुळावरचं शटर बंद ठेवायचं आणि लांबच्या रुळावरचं उघडायचं. जाळी अर्थातच लांबच्या शटरच्या बाजूला, म्हणजे उघडलेल्या अर्ध्या भागात आणायची. असं केलं की मधल्या उभ्या पट्टीशी जाळीचं शटर आणि शेजारचं काचेचं शटर एकमेकांना टेकतात, त्यांच्यातला ब्रश फट भरतो, आणि लांबचं शटर थोडं उघडा, अर्धं उघडा की पूर्ण, काही फरक पडत नाही. उलट केलं, म्हणजे जाळीलगतचं शटर अर्धवट सरकवलं, की मध्ये एका रुळाच्या रुंदीएवढी पोकळी तयार होते. डास जाळीच्या कडेने वळून त्या पोकळीतून खोलीत. बाहेरून पाहिलं तर जाळी लावलेली दिसते, आणि घरातले म्हणतात जाळीचा उपयोग नाही. जाळीलगतचं शटर उघडायचंच असेल तर पूर्ण टोकापर्यंत उघडावं, अर्धवट कधीच नाही. हा एक नियम घरातल्या सगळ्यांना समजावला की निम्मा त्रास संपतो.

उरलेला त्रास ब्रशचा. शटरच्या कडेला जी केसाळ पट्टी असते, तिची उंची फटीपेक्षा एक ते दीड मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे ती दाबली जाऊन टेकते. कमी उंचीची पट्टी नुसती शोभेची. जास्त उंचीची लावली तर शटर जड होतं, लोक ते ओढताना चौकट वाकवतात. केसांच्या मधोमध प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली पट्टी येते. तीच मागा, कारण नुसते केस धूळ बसून एका बाजूला झोपतात आणि पडदा मात्र उभा राहतो. पट्टी वर-खाली दोन्ही टोकांना पूर्ण पोहोचली आहे का तेही पाहा. कापताना सेंटिमीटरभर कमी पडलेली पट्टी ही नेहमीची हलगर्जी आहे, आणि ती चालवून घेऊ नये.

खालच्या ट्रॅकला पाणी जाण्यासाठी भोकं असतात. ती बुजवायची नाहीत, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल. त्यांच्यावर आतून जाळीचा छोटा तुकडा चिकटवा आणि अधूनमधून त्यावरची माती काढा.

शटर रुळावरून निघतं तेव्हा चाकं शटरच्या आत दबलेली असतात. खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूने चाक वर-खाली होतं. शटरची कड खिडकीच्या उभ्या चौकटीशी वरपासून खालपर्यंत समांतर येईपर्यंत दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. वर निमुळती फट दिसत असेल तर दोन चाकं एका पातळीत नाहीत, दुसरं काही नाही. नवी जाळी मागवण्याआधी हे करून पाहा.

बिजागरीचं दार

जाळीचं दार बाहेर उघडणारं असावं आणि आपोआप बंद होणारं असावं. बाहेर का, तर संध्याकाळी डास जाळीवर बाहेरून बसलेले असतात. दार आत उघडलं की ते पाहुण्यांसारखे आत येतात; बाहेर ढकललं की उडून जातात. आपोआप बंद का, हे सांगायला नको. हातात सामान असताना दार कुणी लावत नाही.

१९०० साली लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो या दोन डॉक्टरांनी रोमजवळच्या हिवतापाच्या दलदलीत जाळ्या लावलेल्या झोपडीत राहून दाखवलं. जुलै ते ऑक्टोबर, हिवतापावरचं औषध क्विनीन न घेता. आसपासची माणसं आजारी पडत होती, यांना हिवताप झाला नाही. त्यांच्या झोपडीच्या दारा-खिडक्यांना तारेची जाळी होती, पण तितकाच महत्त्वाचा होता त्यांचा शिस्तीचा नियम : सूर्य मावळण्याआधी आत आणि उजाडल्यावरच बाहेर. हिवतापाचा डास रात्री चावतो म्हणून ते पुरलं. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो. तेव्हा जाळीचं दार दिवसभर सताड उघडं आणि दिवेलागणीला बंद, ही सवय आज अर्धीच उपयोगाची.

दाराला स्प्रिंगच्या किमान दोन बिजागऱ्या, उंच दाराला तीन. स्प्रिंगचा ताण असा ठेवा की दार शेवटच्या वीतभर अंतरातही पूर्ण मिटेल, पण आपटणार नाही. चौकटीच्या उभ्या पट्टीवर दोन चुंबक लावले तर तो शेवटचा बोटभर प्रवास तेच पुरा करतात. खिडकीचा हलका सेक्शन दाराला कधीही वापरू नये. किमान ४० मिलिमीटर रुंदीचा हवा. नाहीतर कडीच्या बाजूचा खालचा कोपरा महिन्याभरात लोंबायला लागतो, दार उंबऱ्याला घासतं, आणि कुणीतरी खालून कानस मारून फट कायमची करून ठेवतं. लोंबणारं दार घासू नका. बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यातून कडीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी तार लावून ती ताणली की दार उचललं जातं.

खालचा एक वीतभर भाग जाळीचा नसून पत्र्याचा असावा, कारण तिथे पाय लागतात. मध्ये हात टेकायला आडवी पट्टी हवी. दाराखाली ब्रश लावायचा तो जमिनीला जेमतेम दुमडेल इतकाच. जमीन एका बाजूला उताराची असेल तर दार उघडं असताना ब्रश घासेल आणि बंद असताना अधांतरी राहील. अशा जागी उंबऱ्याची पट्टी बसवावी आणि ब्रश तिला टेकवावा.

घडीची जाळी

दिसायला सगळ्यात देखणी, आणि मोठ्या बाल्कनीच्या दाराला दुसरा चांगला पर्यायही नाही. जाळीला पंख्यासारख्या घड्या असतात, त्या घड्यांमधून आडव्या दोऱ्या जातात आणि दोऱ्या उभ्या हँडलच्या पट्टीत वळून जातात, म्हणून पट्टी वर-खाली एकाच वेगाने सरकते. सगळी करामत त्या दोऱ्यांत आहे आणि सगळा बिघाडही तिथेच. पट्टी तिरकी चालायला लागली, वरचं टोक टेकलं आणि खालचं अंगठाभर मागे राहिलं, तर एका दोरीचा ताण कमी झाला आहे. पट्टीच्या किंवा बाजूच्या पेटीच्या टोकाशी दोरी अडकवायची गाठ किंवा खुंटी असते, तिथून ताण सारखा करता येतो. बसवणाऱ्याकडून हे काम डोळ्यांसमोर एकदा करून दाखवून घ्या. दोरी तुटली तर पूर्ण जाळी बदलायला सांगणारे भेटतात; दोरी सुटी मिळते आणि ओवता येते.

खालचा ट्रॅक फार बुटका असतो, पायाला लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण जाळीची खालची कड त्या ट्रॅकमध्ये फक्त टेकलेली असते. जोराच्या वाऱ्यात घड्या फुगतात, मधला भाग वर उचलला जातो. घेण्याआधी नमुन्याच्या दाराला मधोमध तळहाताने हलकं दाबा आणि त्याच वेळी खाली वाकून पाहा : कड ट्रॅकच्या बाहेर आली का? आली तर तुमच्या वाऱ्याच्या बाजूला ती जाळी नको. ट्रॅकमध्ये तेल घालू नये, धूळ चिकटून चिखल होतो. आधी ब्रशने साफ करून मग सिलिकॉनचा फवारा, तोही फडक्यावर घेऊन. लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात घडीच्या जाळीचं आयुष्य कमी, हे आधीच मान्य करून घ्या.

रोलर

खिडकीला ठीक, मोठ्या दाराला नको. जाळी पेटीतल्या स्प्रिंगच्या नळीवर गुंडाळली जाते आणि दोन्ही कडा बाजूच्या खाचांत चालतात. वारा आला की कड खाचेतून निघते, म्हणून कडेला छोटी बटणं शिवलेली किंवा चेन लावलेली जाळीच घ्या. हँडल हातातून सुटल्यावर जाळी सण्णकन वर जाते का ते पाहा. जात असेल तर तिच्यात वेग कमी करणारा ब्रेक नाही, आणि त्या धक्क्यांनी खालची पट्टी एक दिवस निघून येणार. पेटी खिडकीच्या भोकात मावते की बाहेर येते, पडद्याच्या नळीला अडते का, हे मापाच्या वेळीच बघायला हवं.

वेल्क्रो आणि चुंबक

भाड्याच्या घराला, थोड्या काळासाठी, चालतं. खिडकीच्या चौकटीवर वेल्क्रोची काटेरी पट्टी चिकटवतात आणि कडेला मऊ पट्टी शिवलेली जाळी तिच्यावर दाबतात. पट्टी सुटते ती पृष्ठभागामुळे. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर गोंद रंगाला धरतो आणि रंग भिंत सोडतो. अॅल्युमिनियम, ऑइलपेंट किंवा काच यांवरच लावा, आधी स्पिरिटने पुसा, पट्टी दाबून चोळा आणि २४ तास जाळी लावू नका. कोपऱ्यात पट्टीची दोन टोकं ४५ अंशांत कापून भिडवा. एकावर एक चढवली तर तिथे उंचवटा होऊन फट राहते. जाळी किंचित सैल ठेवा, ताणली तर रात्रंदिवस गोंदावर ओढ राहते. रोज उघडायच्या खिडकीला वेल्क्रो लावू नये.

मधोमध चुंबकांनी मिटणारे दाराचे पडदे विकत घेण्याच्या लायकीचे आम्हाला वाटत नाहीत. वाऱ्यात उघडतात, वरची-खालची चुंबकं चुकीची जुळतात, आणि खालची कड जमिनीवर फिरत राहते.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या

डासजाळी मुलाचं वजन पेलत नाही, कुठलीच नाही. मूल जाळीला टेकून उभं राहिलं तर फायबर जाळी रबरासकट खाचेतून निघते. उंचावरच्या खिडकीला वेगळे गज किंवा सुरक्षा जाळी हवीच. आणि आगीच्या वेळी ज्या खिडकीतून बाहेर पडायचं, तिची जाळी आतून, हत्याराशिवाय, अंधारात चाचपडून उघडता आली पाहिजे. स्क्रूने पक्की केलेली जाळी अशा खिडकीला लावू देऊ नका, कितीही मजबूत असली तरी.

साफसफाई आणि ठिगळ

धूळ बसली की जाळीची भोकं आकसतात, ६६ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहतो. जाळी जागेवर असताना व्हॅक्युमच्या मऊ ब्रशने, नाहीतर कोरड्या ब्रशने आधी धूळ काढा, मग भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी आणि स्पंज. मागून दुसऱ्या हाताने फडकं धरलं की जाळी ताणली जात नाही. स्वयंपाकघराच्या जाळीवरचा तेलकट थर कोमट साबणपाण्याने भिजवून ठेवल्यावरच सुटतो, घासून नाही. जोराच्या पाण्याचा फवारा आणि आम्ल दोन्ही लांब ठेवा.

बोटाच्या पेराएवढं भोक पडलं तर अख्खी जाळी बदलायची गरज नाही. जाळी भरताना कापलेल्या पट्ट्या म्हणूनच जपून ठेवाव्यात. स्टीलच्या जाळीला भोकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा चौकोन कापा, चारही कडांचे तीन-चार आडवे धागे काढून टाका, उरलेली तारेची टोकं काटकोनात वाकवा, मूळ जाळीच्या भोकांतून पलीकडे काढा आणि मागून बोटाने आडवी करा. फायबर जाळीला तसाच चौकोन त्याच रंगाच्या पातळ नायलॉन दोऱ्याने कडेकडेने शिवा, धाग्याला धागा जुळवून. फाटलेली जागा चौकटीच्या रबरापासून दोन बोटांच्या आत असेल तर मात्र ठिगळ टिकत नाही, तिथे रबर काढून पूर्ण जाळी नवी भरावी.